रजिस्टरातला कायमचा पत्ता

आमच्या लॉजवर एक नियम होता, आजही आहे. गावातल्या माणसाला खोली द्यायची नाही. कुठल्या कायद्यात तो लिहिलाय मला विचारू नका, पण आजूबाजूचे सगळेच लॉजवाले तो पाळतात. ज्याचं घर गावात आहे तो लॉजवर कशाला येईल, आणि आला तर काहीतरी भानगड असणारच, एवढंच त्यामागचं डोकं. त्यामुळे कोणी आधार कार्ड पुढे केलं की माझी नजर आधी पत्त्यावर जायची. सुरतेचा असेल, धुळ्याचा असेल, तर ये बाबा, बस. आमच्याच गावचा असेल तर खोल्या भरलेल्या आहेत. बावीस वर्षं मी त्या काउंटरमागे बसलो आणि रजिस्टरच्या 'कायमचा पत्ता' या रकान्यात आमच्या गावाचं नाव एकदाही लिहिलं नाही.

लॉज म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हे. दोन मजले, चौदा खोल्या, वर गच्ची. बियाण्यांचे सेल्समन, साखर कारखान्यात मशिनी दुरुस्त करायला आलेले फिटर, तोरणमाळ बघायला निघालेली आणि घाट चढायच्या आधी दमलेली गुजराती कुटुंबं, असं आमचं गिऱ्हाईक. आमच्या घरात बोली हिंदीच्या वळणाची, बाजारात अहिराणी, आणि रजिस्टरात शुद्ध मराठी. माझं अक्षर चांगलं होतं. चार पिढ्यांपासून आम्ही या गावात आहोत, आणि आमच्या खानदानात अक्षर चांगलं असलेला मी पहिलाच, असं अम्मी जो येईल त्याला सांगायची. या अक्षरानेच पुढे माझं तोंड काळं केलं.

एका उन्हाळ्यात भर दुपारी नाल्याकाठची वस्ती जळाली. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीचे कूड, वर पत्रे आणि प्लास्टिक, त्यात दुपारचा वारा. बंब पोचेपर्यंत बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. माणसं वाचली, कारण बहुतेक सगळी कामावर गेलेली होती. कागदपत्रं मात्र घरात होती. शाळांमध्ये परीक्षा चालू होत्या, मंगल कार्यालयांत लग्नं. म्हणून तहसील कचेरीतून आमच्या मालकाला फोन आला की काही दिवस ही कुटुंबं लॉजवर ठेवा. मालक माझ्यापेक्षा वयाने लहान, मला चाचा म्हणतो. फोन ठेवून तो म्हणाला, "चाचा, नाही म्हणायची सोय नाही. पण रजिस्टर नीट भरा. उद्या कोणी बोट दाखवायला नको."

संध्याकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून ती माणसं आली. अंगाला धुराचा वास, हातात कोणाच्या हंडा, कोणाच्या कोंबडी. कोंबडी बघून मी कपाळावर हात मारला. मग ओळीने नोंदी करायला बसलो. नाव, वय, माणसं किती. आणि कायमचा पत्ता. इथे माझा हात अडला. घर तर जळालं होतं, आणि आमच्या गावाचं नाव त्या रकान्यात जायची मुळी पद्धतच नव्हती. मी विचारलं, "तुन्हं गाव कोनतं?"

आणि इकडे कुणालाही गाव विचारलं की तो काय सांगतो? चाळीस वर्षं इथल्या नाल्याकाठी राहिलेला माणूसही सातपुड्यातल्या आपल्या पाड्याचंच नाव सांगतो. बापजाद्यांचं ते गाव, राहतो ते नुसतं राहायचं ठिकाण. कोणी धडगावकडचा पाडा सांगितला, कोणी नवापूरकडचा. मी चांगल्या अक्षरात लिहीत गेलो. त्यांनाही काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

त्या ओळीत सगळ्यात शेवटी एक बाई उभी होती. साठीच्या आसपासची, एकटीच. धडगावच्याही वरून, घाट उतरून, नवऱ्याबरोबर कामाला आलेली. नवरा इथेच मेला. मूलबाळ नव्हतं. ऊसतोड, कापूसवेचणी, विटांवर पाणी मारणं, जे मिळेल ते ती करत आली होती. मी तिला मावशी म्हणायला लागलो, ती मला मॅनेजरभाऊ. तिने जुन्या पाड्याचं नाव सांगितलं, मी लिहिलं, आणि गच्चीच्या जिन्याजवळची खोली तिच्यासह दुसऱ्या एका कुटुंबाला दिली.

पुढचे दोन महिने माझ्या नाकी नऊ आले. खोल्यांत चूल पेटवायची नाही म्हणून सांगितलं, तर गच्चीवर तीन विटा मांडून सगळ्यांचा स्वयंपाक. पलंगावर कोणी झोपेना, गाद्या भिंतीला टेकवून सगळे फरशीवर. एका म्हाताऱ्याने मला विचारलं होतं की पंख्याचं बटण रात्री बंद करायचं असतं का, त्याला झोप लागत नाही. मी चिडचिड करायचो, ती माणसं ऐकून घ्यायची. मावशी मात्र उजाडताच दोन्ही मजले झाडून काढायची. कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, अहो मावशी, त्याला बाई ठेवलेली आहे. ती म्हणाली, "फुकट ऱ्हायनी मी आठे, हात चालना पाहिजे." झाडून झालं की काउंटरसमोरच्या पायरीवर बसायची आणि मला सांगायची, नवं घर मिळालं की दार पूर्वेला ठेवीन, मागे दोन वांग्याची झाडं लावीन. मी थट्टा करायचो, की मावशी, माझ्यासाठी पण एक खोली काढ, मालकाने हाकललं तर येईन. ती खरंच विचार करून म्हणायची, "येजो."

कारण घरं मिळणार होती. कचेरीने गावाच्या टोकाला जागा दिली होती, जळालेल्या वस्तीतल्या प्रत्येक कुटुंबाला पक्कं घर. यादी कशावरून करायची, तर लॉजच्या रजिस्टरवरून, कारण कागद म्हणून तेवढाच शिल्लक होता. पहिल्याच आठवड्यात एक कारकून येऊन पानांच्या झेरॉक्स घेऊन गेला होता. मीच त्याला चहा पाजला.

यादी लागली ती आमच्याच लॉजच्या खालच्या भिंतीवर. बहुतेकांच्या नावापुढे शेरा होता: बाहेरगावचे, इथे अपात्र. कशावरून, तर कायमचा पत्ता. गोंधळ झाला, माणसं कचेरीत धावली. पण हळूहळू एकेकाचं सुटत गेलं. कोणाच्या मुलाचा शाळेचा दाखला निघाला, कोणाचं आधार अंगठा लावून पुन्हा छापून मिळालं, कोणाचं नाव मतदार यादीत सापडलं. मावशीचं काहीच निघेना. अंगठा मशीन घेत नव्हतं, विटा उचलून उचलून बोटं सपाट झालेली. रेशन कार्ड नवऱ्याच्या नावाचं, ते तो मेल्यावर बंद पडलेलं. मतदार यादीत तिचं नाव कधी लागलंच नव्हतं. वस्तीतल्यांनी सांगितलं की ही आमच्यातलीच, पण कारकून म्हणाला, तोंडी चालत नाही.

मी तिला घेऊन कचेरीत गेलो. कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने झेरॉक्स पुढे सरकवली. माझं अक्षर, ओळीत, स्वच्छ. मी म्हटलं, साहेब, ही माझी चूक आहे, मी मूळ गाव विचारलं, तिने ते सांगितलं. तो म्हणाला, "मग सोपं आहे. नोंद चुकीची झाली असं तुम्ही लेखी द्या. सही करा, लॉजचा शिक्का मारा. आठ दिवसांत द्या, मी पुरवणी यादीत नाव घालतो." मावशी तेव्हा बाहेर व्हरांड्यात बसली होती. तिला हे ऐकू गेलं नाही. बाहेर आल्यावर मी तिला एवढंच सांगितलं की बघू, होईल काहीतरी.

कागद मी त्याच दिवशी लिहिला. शिक्का मात्र मालकाच्या ड्रॉवरमध्ये. मालकाने कागद वाचला, घडी घातली, परत दिला. "चाचा, नोंद खोटी आहे असं तुम्ही तुमच्याच सहीने देणार? उद्या पोलिसांनी विचारलं, अजून किती खोट्या आहेत, तर काय सांगायचं?" आणि त्याचं खरं होतं. नवरा-बायको म्हणून त्या रजिस्टरात मी ज्या जोड्या बसवल्या होत्या, त्यातल्या कितींची लग्नं झाली होती, ते मलाही माहीत होतं आणि त्यालाही. तो ओरडला नाही, धमकी दिली नाही. फक्त म्हणाला, "शिक्का घ्या हवा तर. पण मग लायसनचं काय होईल ते तुमच्यावर, आणि तुमच्या नोकरीचंही."

माझं वय तेव्हा छप्पन्न होतं. मला दुसरं कोण ठेवणार होतं? ही सबब मी स्वतःला आठ दिवस सांगितली. कागद शर्टाच्या खिशात होता. घामाने शाई पसरली म्हणून मी तो दुसऱ्यांदा लिहून काढला. शिक्का मात्र मागितला नाही. आठव्या दिवशी शिक्क्याशिवायच देऊन बघू, म्हणून कचेरीच्या फाटकापर्यंत गेलो. समोरच्या टपरीवर चहा घेतला. मग अजून एक घेतला. कारकून जेवायला बाहेर पडला, परत आत गेला, तेही मी बघितलं. कचेरी सुटल्यावर मी लॉजवर आलो आणि मावशीला म्हणालो, ऐकत नाहीत ते लोक. इतकं सरळ खोटं मी कधीच बोललो नव्हतो, आणि ते बोलायला मला काहीच जड गेलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

बाकीची कुटुंबं नव्या जागेवर गेली. ट्रॅक्टर आला, हंडे चढले, कोंबड्या चढल्या. दोन-तीन घरांतल्या बायका मावशीला म्हणाल्या, चल आमच्याबरोबर, पण त्यांच्याच घरात सहा-सहा माणसं, ते त्यांनाही कळत होतं. ती मागे राहिली. कचेरीचा लॉजसाठीचा आदेश त्या महिनाअखेरीस संपत होता. मालक म्हणाला, आदेश नाही तर खोली नाही. तोरणमाळला जाणाऱ्यांची गर्दी सुरू होणार होती, सगळ्या खोल्यांना रंग द्यायचा होता.

कचेरीच्या लेखी ती तिच्या मूळ गावी जायला मोकळी होती. धडगावची जीप आमच्या लॉजसमोरच थांबते. मी विचारलं, तिथे कोण आहे? ती म्हणाली, "कोनी नही. दीर व्हता, तो बी गया. पुतण्यासले मी वळखत बी नही." तीस वर्षांत ती एकदाच वर गेली होती. तरी जीपमध्ये बसायचं तिनेच ठरवलं, कारण इथे रस्त्यावर बसली तर लोक हाकलतील आणि तिथे निदान झाडाखाली कोणी विचारणार नाही, असं ती म्हणाली.

सकाळची वेळ होती. जायच्या आधीही तिने दोन्ही मजले झाडले. गाठोडं घेऊन काउंटरपाशी आली. मला वाटलं आता विचारेल, मॅनेजरभाऊ, खरं काय झालं. मी मनातल्या मनात सांगायची तयारीही केली होती. सांगितलं असतं तरी वेळ गेलेलीच होती, पण निदान तिला कळलं असतं.

तिने विचारलं नाही. गाठोडं खाली ठेवून ती म्हणाली, "वाईट नको वाटू दे भाऊ. तू ते इचारं, मीच सांगं गावनं नाव. मन्हंच तोंड. मी नाल्याकाठनं नाव सांगतू तर घर भेटतं ना?"

मी तिच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "हो."

ती मान हलवून जीपमध्ये जाऊन बसली.