सर, शिवू नोका

आमच्या धंद्यात भूतं नसतात, कॉम्प्लिकेशन्स असतात. अठरा वर्षं लोकांची पोटं उघडून पाहतोय, आत आत्मा-बित्मा कधी सापडला नाही. माझी बायको रश्मी या सदरातले अनुभव मोठ्याने वाचून दाखवायची आणि मी प्रत्येकाला एक डायग्नोसिस चिकटवायचो… हा अर्धवट झोपेत होता, हिचा ताप डोक्यात गेला होता, हा तर शुद्ध थापाड्या. तेव्हा आता तुम्ही मला एखादा डायग्नोसिस चिकटवलात तर माझी तक्रार नाही. उलट बरंच वाटेल.

मी सर्जन. चंद्रपूरला एका खाजगी हॉस्पिटलात नोकरी करत होतो. लहानसंच हॉस्पिटल, दुसऱ्या मजल्यावर ऑपरेशन थिएटर, आणि त्या थिएटरची खरी मालकीण मैनामावशी. म्हणजे कागदावर ती मदतनीस – फरशी पुसणं, पेशंटची ट्रॉली ढकलणं, मॉप मोजणं. मॉप म्हणजे रक्त टिपायचं जाड कापड. पोट उघडल्यावर आत गेलेला प्रत्येक मॉप बाहेर आला की नाही हे मोजल्याशिवाय पोट शिवायचं नसतं. एक जरी आत राहिला तर पेशंट जिवानिशी जातो, आणि डॉक्टर कोर्टात.

मावशीचं गाव पोंभुर्ण्याच्या अलीकडे, जंगलाला लागून. सकाळच्या पहिल्या बसने यायची. मे महिन्यात मात्र तिची रजा ठरलेली, तेंदूपानं, म्हणजे विडीची पानं, तोडायला. आमच्या मॅनेजरने एकदा कुरकुर केली तर म्हणाली, "नोकरी आपल्या जागी, तेंदू आपल्या जागी, बाप्पा." सत्तर पानांचा एक पुडा बांधतात. मावशी लहानपणापासून पुडे बांधत आलेली, पाच-पाच पानं उचलत न बघता सत्तर मोजायची. मॉपही ती तसेच मोजायची. फरशीवर प्लॅस्टिक अंथरून, पाच-पाचच्या रांगा लावून. सिस्टर इंग्रजीत "काउंट करेक्ट" म्हणायची, पण मी सुई उचलत नसे. मावशीकडे बघायचो. मग ती म्हणायची, "पुडा भरला, सर. शिवा." नव्या डॉक्टरांना हसू यायचं. मला मात्र ते ऐकल्याशिवाय चैन पडत नसे. आता याला कोणी अंधश्रद्धा म्हणेल तर म्हणो.

मग मला इंग्लंडची फेलोशिप मिळाली. यकृत आणि पित्तनलिकेच्या शस्त्रक्रियेचं पुढचं शिक्षण, दोन वर्षांचं. रश्मी, सहा वर्षांची ओवी आणि मी, तिघंही जाणार होतो. आनंदाने डोकं ठिकाणावर नव्हतं. व्हिसा, भाड्याचं घर, ओवीची शाळा, रश्मीने कॉलेजचा दिलेला राजीनामा… आणि त्या गडबडीत मार्चमध्ये मावशीचं पोट दुखलं. सोनोग्राफी मीच करवली. पित्ताशयात खडे. दुर्बिणीतून पाऊण तासाचं काम. ती म्हणाली, तेंदू झाल्यावर करू. तेंदू झाला, जून आला, तर माझ्याकडे वेळ नव्हता. बरोबरच्या सर्जनला सांगितलं असतं तर त्याने आनंदाने केलं असतं. पण मी काय म्हणालो ते ऐका.

मी म्हणालो, "मावशी, आता आल्यावर. मीच करीन. दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही तुझ्या पोटाला."

ती पदर तोंडाला लावून हसली. "होजी. तुमच्याशिवाय कोन लावते हात!"

मी लाडाने बोललो होतो. आमच्या भागात लाडाने बोलू नये, निदान डॉक्टरने तरी. इकडे माणूस हॉस्पिटलवर विश्वास ठेवत नाही, 'आपल्या डॉक्टर'वर ठेवतो. शेजारच्या खोलीत दुसरा डॉक्टर माशा मारत बसलेला असला तरी गडचिरोलीकडून आलेला पेशंट तीन दिवस पायरीवर बसेल, पण आपला सर सुट्टीवरून येईपर्यंत पोट दाखवणार नाही. हे सगळं मला माहीत होतं. याच मातीत वाढलोय मी. तरी बोलून गेलो आणि ऑगस्टमध्ये विमानात बसलो.

इंग्लंडच्या उत्तरेकडचं एक शहर. पहिले सहा महिने मी तिथे घोड्यासारखा राबलो. ओवी शाळेत रमली, रश्मीला मात्र घर खायला उठायचं. मावशीला एकदा, मार्चमध्ये फोन केला. "काही दुखतं का?" विचारलं. म्हणाली, "कायचं दुखते! तुमी शिका." त्यात रश्मीने फोन हिसकावून घेतला आणि दोघी तेंदूच्या आणि त्याच्या फळांच्या, टेंभुरांच्या, गप्पा मारत बसल्या.

आता तो दिवस. मे महिना, मंगळवार. सकाळी अकराच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेतीन. यकृताचं मोठं ऑपरेशन संपत आलं होतं. माझ्या वरच्या डॉक्टरांनी हातमोजे काढले आणि मला म्हणाले, बंद कर आता. भिंतीवर पांढरा बोर्ड, त्यावर आकडे. नर्सने मोजून सांगितलं, सगळे मॉप परत आलेत. मी सुईधारक हातात घेतला.

आणि माझ्या उजव्या खांद्यामागून, अगदी चंद्रपूरला रोज यायचा त्याच जागेवरून, आवाज आला.

"पुडा नाई भरला. सर, शिवू नोका."

मी मागे वळलो. भिंत होती. भास, आठवण, कानात गुणगुणल्यासारखं, असलं काही ते नव्हतं. तुम्ही शेजारच्या माणसाला ऐकता तसं मी ऐकलं. त्या आवाजात दम लागलेला होता, हे मला तेव्हाच जाणवलं. नीट लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

मी पुन्हा मोजायला सांगितलं. बरोबर भरले. तिसऱ्यांदा सांगितलं, तर नर्सच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि साहेब दारातून परत आले. मी हात आत घातला, उजवीकडे, यकृताच्या मागे, श्वासपटलाखाली. बोटांना कापड लागलं.

त्याचा उलगडा नंतर झाला. गठ्ठा उघडला तेव्हाच त्यात दोन मॉप एकमेकांना चिकटलेले होते, ते एक म्हणून मोजले गेले. म्हणून सुरुवातीचा आकडाच एकने कमी, आणि शेवटी हिशेब जुळला. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. म्हणाले, हे तुला कसं कळलं? मी म्हणालो, अनुभव. बाप रे, काय रुबाबात म्हणालो होतो!

घरी येऊन रश्मीला सगळं सांगितलं. तिच्या अंगावर काटा आला. ती पहिलं वाक्य बोलली ते हे – "अरे, मग तिला फोन कर ना!"

मी घड्याळ बघितलं. तिकडे साडेदहा वाजून गेलेले, मावशी आठला झोपते. म्हटलं उद्या करतो. आम्ही तिघं बाहेर जेवायला गेलो, माझी पाठ थोपटली गेली म्हणून. बुधवारी ऑपरेशन लांबलं. रश्मीने पुन्हा आठवण केली. आणि खरं सांगतो, मला लाज वाटली. फोन करून काय सांगणार होतो? मावशी, तुझा आवाज आला? माझ्यासारख्या शहाण्याने? गुरुवारीही राहून गेलं.

शुक्रवारी आमच्या चंद्रपूरच्या थिएटरमधल्या सिस्टरचा फोन आला. मैनामावशी काल सकाळी गेली.

खडा सरकून पित्तनलिकेत अडकला होता. कावीळ, थंडी वाजून ताप, मग जंतू रक्तात. ज्या आजारावर इलाज शिकायला मी बायको-पोर घेऊन सात समुद्रांपलीकडे गेलो होतो, तोच. जाण्याच्या पंधरा दिवस आधी ती हॉस्पिटलात दाखवायला आली होती. तिथल्या डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं, आजच करू या. ती म्हणाली, "माह्या सरनं सांगतलं हाये, तोच करन." आणि बसने घरी गेली.

फेलोशिप पुरी करून परतलो, तेव्हा पहिल्यांदा तिच्या गावी गेलो. मावशीची मुलगी कविता अंगणात होती. तिने खाट टाकली, पाणी दिलं. मी काही विचारायच्या आत तीच सांगायला लागली.

"मंगयवारी लय ताप होता, सर. आमी पुडे द्यायले निघालो होतो, तीन-साडेतीन झाले असन. आई खाटीवर पडून बोटानं मोजून राह्यली होती. आमाले वाटलं, पानं मोजते. तं एकदम उठून बसली न् बोंबलली, 'पुडा नाई भरला! शिवू नोका!' कोन काय शिवून राह्यलं, आमाले काई समजेच ना."

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला. हे मी फक्त रश्मीला सांगितलं होतं. चंद्रपुरात कोणालाही नाही.

इथपर्यंत माझे डॉक्टर मित्र मला समजावतात. ते म्हणतात, तुझ्या बोटांना आधीच शंका आली असेल, मेंदूने तिला ओळखीचा आवाज दिला. आणि तिकडे तापात बडबडणारी बाई आयुष्यभर जे बोलली तेच बोलणार. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली. मीही मान हलवतो. पण कविता पुढे जे बोलली, ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

"सांजच्याले थोडी सुद आली तिले. मले म्हणे, 'कविता, फोन चार्जिंगले लाव. सरचा फोन येते.' मी म्हटलं, 'आई, थे विलायतेत. त्याईले काय मालूम तुह्यं दुखनं?' तं म्हणे, 'मालूम हाये. मी आवाज देल्ला, त्यानं आयकला. आता इचारन, मावशी, कशी हायेस. थो म्हणन जा, तं जाईन मी दवाखान्यात.' दोन दिवस फोन उशाशी घेऊन होती, सर. गाडी आनली होती आमी. गाडीत बसेच ना. म्हणे, फोन येऊ दे."

मी जमिनीकडे बघत होतो. मी म्हणालो असतो तर ती गेली असती. नक्की गेली असती. मंगळवारी, बुधवारीसुद्धा वेळ होती.

कविताने खाली ठेवलेला पेला उचलला. मग तिने विचारलं, "तुमाले खरंच आयकू आला होता का जी?"

तिच्या तोंडाकडे मला बघवेना.

मी म्हणालो, "नाही गं. तापात होतं असं माणसाला."

"असन," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेली.