नावानिशी अर्थ सांगणाऱ्या झुबेदाबाई

झुबेदाबाई शब्दाचा अर्थ सांगायच्या, पण त्याआधी माणसाचं नाव घ्यायच्या. "हा अर्थ खालापूरच्या मंगेशचा," असं म्हणून मगच तो फळ्यावर लिहायच्या. मंगेश कॉलेज संपवून रसायनीच्या कारखान्यात लागला, तरी वर्गात त्याचं नाव चालूच. कुणी नाव गाळून नुसता अर्थ सांगितला, की खडू खाली ठेवायच्या. "अगं, आधी कुणाचा ते सांग. अर्थ काय झाडाला लागतात?"

कर्जतच्या आमच्या कॉलेजात त्या मराठी शिकवायच्या. भावाचं बाजारात कापडाचं दुकान, घरात कोकणी मुसलमानांची बोली आणि वर्गात ठसठशीत मराठी. एक जुनी कादंबरी त्या आमच्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायच्या आणि तीत 'घर' हा शब्द आला की थांबवायच्या. कुठे घर म्हणजे चार भिंती, कुठे बायको, कुठे घराणं, कुठे अब्रू. सांगायचं आम्ही, त्या ऐकायच्या.

कादंबरीतल्या नायिकेला नवऱ्यानं हाकललेलं असतं, माहेरचं दारही बंद झालेलं असतं, तरी ती म्हणते, मी घरी चालले. इथं घर म्हणजे काय, बाईंनी विचारलं. माझी आत्या तेव्हा सासर सोडून कडावला आमच्याकडे आली होती आणि आळीतली प्रत्येक बाई तिला एकच प्रश्न विचारायची. मी बसल्या जागेवरून बोलून गेले, "बाई, जिथं कुनी इचारत नाय, तू कवा जानार, ते घर." माझी बोली ऐकून दोघंचौघं फिदीफिदी हसले. बाई हसल्या नाहीत. माझं वाक्य तसंच्या तसं फळ्यावर लिहून म्हणाल्या, हा अर्थ कडावच्या सुनंदाचा.

त्या वर्षी विभागप्रमुख देवकुळेसर मागच्या बाकावर येऊन बसायचे. आम्हाला वाटायचं, केवढा साधा माणूस! पुढे त्यांचं पुस्तक आलं, वर्गातल्या आमच्याच अर्थांचं, नाव मात्र आमच्यातल्या कुणाचंच नाही. प्रकाशनाच्या दिवशी त्यांनी माझंच वाक्य धुऊन-पुसून शुद्ध मराठीत म्हटलं, आवाज कापरा केला आणि सांगितलं, हे मला एका पहाटे सुचलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या आत्याचं रडणं ह्या गृहस्थाला पहाटे सुचलं म्हणे! मी तावातावानं उठायला गेले, तर शेजारी बसलेल्या बाईंनी माझं मनगट धरलं.

"बस खाली. आज ओरडलीस तर लोक एक दिवस बोलतील. मला सरांना जन्मभर पुरेल असं द्यायचंय."

आणि दिलं. बाईंचे विद्यार्थी पुढे कडावपासून रसायनीपर्यंत शाळाशाळांतून मराठी शिकवायला लागले, मीही त्यातलीच. सगळे नावानिशीच शिकवायचो. सर कुठल्या शाळेत भाषणाला गेले आणि 'घर'वर आले, की एखादं पोर उठून विचारायचं, सर, हा सुनंदाबाईंचा ना? हा मंगेशदादांचा ना? पोरांच्या मनात काही नसायचं. सरांना मात्र दरदरून घाम फुटायचा. पळसदरीच्या शाळेत तर भाषण अर्धवट टाकून ते खाली बसले. मी समोरच होते. असा जीव गार झाला म्हणता! येताना आत्यासाठी जिलबी घेऊन आले.

शेवटी ते बाईंच्या दारी आले. मी तिथंच होते. दुसरी आवृत्ती निघतेय, आभारात तुमचं नाव घालतो, पण हे पोरांचं थांबवा, म्हणाले. बाई म्हणाल्या, सगळ्यांची नावं घाला, विषय मिटला. सर कसनुसं हसले. अभ्यासाच्या पुस्तकात शेतावरच्या पोरींची नावं शोभत नाहीत, म्हणाले. माझ्या तोंडावर!

बाईंनी त्यांचा चहा संपू दिला. मग म्हणाल्या, "तर माझंही घालू नका. लोकांना वाटेल, चोरीत मी तुम्हाला मदत केली."

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. सर काठी टेकत बाईंच्या घरी भेटायला आले. फार थकलेत आता. बाकीचे उठल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्यांनी मनातून मला माफ केलं असेल ना हो?"

म्हाताऱ्या माणसाला हो म्हणायला आपलं काय जातं, असं कुणालाही वाटेल. मला नाही वाटलं.

"नाही सर," मी म्हणाले. "शेवटच्या आजारात मी विचारलं होतं त्यांना. नाही म्हणाल्या."