कालवं कोण खातं

माझी धाकटी जाऊ माझ्याहून देखणी नव्हती, सुगरण तर मुळीच नव्हती, तरी जगाला तीच आवडायची. हे आज म्हातारपणी मोकळेपणानं लिहिते, तेव्हा बोलायची सोय नव्हती. मी सातपाटीची, मोठ्या बंदरातली. ती एडवणची. लग्न होऊन आम्ही दोघी तारापूरजवळच्या एका कोळीवाड्यात, एकाच घरात आलो. पुढे चुली वेगळ्या झाल्या, पण नवरे एकाच होडीवर जायचे आणि मागचं परसूही एकच राहिलं.

ही साठच्या दशकातली गोष्ट. पलीकडे अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं, बोईसरकडून ट्रकमागून ट्रक यायचे. एक दिवस आमच्या आळीत एक बाई आल्या. मूळच्या घाटावरच्या, मुंबईच्या कुठल्याशा प्रयोगशाळेत कामाला होत्या. खांद्याला पिशवी, हातात वजनकाटा. म्हणाल्या, केंद्र सुरू व्हायच्या आधी समुद्र कसा आहे ते तपासून ठेवायचंय. पाणी, गाळ, मासळी, आणि ती मासळी खाणारी माणसं. म्हणजे पुढे पाण्यात काही वेगळं उतरलं तर कळेल. त्यासाठी आळीतलं एक घर निवडायचं होतं. त्या घरात जे शिजतं त्यातलं थोडं दर महिन्याला तपासायला न्यायचं, तेही वर्षानुवर्षं.

बस्स! ते घर माझंच असणार, हे मी मनाशी ठरवून टाकलं. मुंबईची शिकलेली बाई दर महिन्याला माझ्या ओट्यावर बसणार, माझ्या हातचा चहा पिणार आणि धाकटी आपली दारातून टुकत बसणार.

थोरली म्हणून बाई आधी माझ्याकडेच आल्या. "रोज जेवणात काय असतं?" त्यांनी विचारलं.

"पापलेट," मी ठसक्यात सांगितलं. "नायतर रावस. घोळ मिलाली तर घोळ."

कसलं पापलेट न्‌ कसलं काय! चांगली मासळी झाडून सगळी बाजारात जायची. आमच्या ताटात बोंबील, मांदेली, आणि बहुतेक दिवस कालवं. कालवं म्हणजे खडकाला घट्ट चिकटलेले शिंपले. ओहोटीला जाऊन कोयतीनं फोडायचे आणि आतलं मांस काढून आणायचं. पण होडीवाल्या घरच्या बाईनं खडकावर जाणं आमच्यात कमीपणाचं. ज्यांच्याकडे होडी नाही त्या बायकांचं ते काम. मी जायची, पण डोक्यावरून पदर ओढून, आळीला वळसा घालून. धाकटीला मेलीला लाज कशी ती नाही. ती टोपली मिरवत मधल्या वाटेनं जायची.

बाईंना परसात फोडलेल्या शिंपांचा ढीग दिसला. त्यांनी विचारलं, "हा कुणाचा?"

"धाकटीचा," मी म्हटलं. "आमी नाय बाय असलं खात."

त्या ढिगातल्या निम्म्याहून जास्त शिंपा माझ्या होत्या.

बाई तशाच उठून शेजारच्या दारात गेल्या. धाकटी हात पुसत बाहेर आली आणि सरळ म्हणाली, "बाय, आमी तर कालवांवरच जगतो." बाईंनी लगेच पिशवीतून वही काढली. एवढा ढीग पाहून त्यांना दुसरं घर बघायची गरजच वाटली नाही. माझ्या शिंपांवर तिची वर्णी लागली! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग दर महिन्याला तेच. बाई यायच्या त्या थेट तिच्याकडे. तिच्याकडून शिजवलेलं कालवण बाटलीत भरून घ्यायच्या, कालवं मोजून घ्यायच्या, तिच्या हातचा पाणचट चहा पिऊन "छान झालाय गं" म्हणायच्या. तिला 'अगं, तू', आणि मला कोरडं 'कशा आहात तुम्ही?' त्या आल्या की मी मुद्दाम धुणं वाळत घालायला काढायची आणि एकेक शब्द ऐकायची. रात्री नवऱ्याला म्हणायची, वरणभात खाणारी ती, तिला मासळीतलं काय कळतंय! तो कूस बदलून झोपायचा. खरं सांगायचं तर माझा नुसता जळफळाट व्हायचा, आणि हे दोन-तीन वर्षं चाललं.

केंद्र सुरू व्हायची बोलवा झाली तेव्हा बाई एकदा सकाळीच आल्या. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या, मी दोरीपाशी. बाई धाकटीला म्हणाल्या, "तुझंच घर का घेतलं, सांगू? कालव सतत पाणी गाळत असतं. पाण्यात काही आलंच, तर ते त्याच्या अंगात साठत जातं. ज्या घरात कालवं जास्त, त्या घराला जपायला हवं. तपासणीत कधी काही दिसलं तर मी आधी तुझ्या दारात येईन. कालवं बंद कर म्हणून सांगेन."

माझ्या हातातलं ओलं लुगडं हातातच राहिलं. माझी चारही पोरं सकाळीच भाकरीबरोबर कालवं खाऊन उठली होती. निरोप येणार तो तिच्या दारात. बाईंच्या लेखी माझ्या घरात पापलेट. पुढे होऊन बोलावं, तर सासूबाईंसमोर, बाईंसमोर खोटी ठरणार.

तेवढ्यात धाकटी म्हणाली, "बाय, दोनी दारांत सांगा. तो ढीग आमच्या दोघींचा हाय."

"तुला कुणी विचारलं गं?" मी तिच्यावर खेकसले. म्हणजे हिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि इतकी वर्षं गप्प बसली होती!

"तुमच्या पोरांसाठी बोल्ले, जाऊबाय," ती म्हणाली. "रागवा खुशाल."

बाई माझ्याकडे वळल्या. त्यांनी वहीचं नवीन पान काढलं. "खरं का हे? तुमच्याकडेही कालवं खातात?"

सासूबाई बघत होत्या. धाकटीही माझ्याकडेच बघत होती.

"खातो की," मी म्हटलं. "हिच्यापेक्षा जास्तच."

बाईंनी ते लिहून घेतलं. इतक्या वर्षांत एवढ्या एकाच बाबतीत मी तिच्या पुढे निघाले होते.