खाली ठेवा

"खाली ठेवा."

सुरी घेऊन कुणीही दारात आलं, की काका आधी एवढंच म्हणायचे. हात पुढे करायचे नाहीत. दोन्ही हात मांडीखाली सारून बसायचे आणि हनुवटीनं समोरचा पाट दाखवायचे. सुरी पाटावर ठेवून आपण मागे सरलो, की मगच ती उचलायचे.

"सुरी हातातून हातात दिली का भांडण व्हतं," ते सांगायचे. "आन् माझ्या हातानं ह्या दोन तालुक्यांत भांडणं काय कमी लागलीत?"

हे मात्र खरं होतं. आमचे हे शेजारी मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. भोर आणि वेल्ह्यातल्या कितीतरी बांधांवर त्यांनी साखळी टाकलेली. मोजणीआधी दोघे भाऊ मिळून त्यांना चहा पाजायचे आणि खुणा रोवून झाल्या की दोघेही वेगवेगळ्या शिव्या द्यायचे. अशा माणसानं भांडणाला भ्यावं, यात मला काही वावगं वाटलं नाही. तुम्हालाही वाटलं नसतं.

निवृत्तीनंतर काका सुऱ्यांना धार लावून द्यायचे, त्याचं यंत्र पुण्याच्या लेकीनं पाठवलेलं. यंत्र म्हणजे सुरी घट्ट धरणारा एक चिमटा, बाजूला एक उभा दांडा, त्यातून सरकणारी सळई आणि सळईला बसवलेला धारेचा दगड. दगड पात्यावरून मागे-पुढे ओढायचा. सळई त्याला ठरलेला कोन सोडू देत नाही. 'हात कुणाचाही असो, धार तीच' अशा अर्थाचं काहीतरी खोक्यावर छापलं होतं. खोक्यावरच्या मजकुरावर मी चौकातल्या फलकांइतकाच विश्वास ठेवतो. काकांचा मात्र त्या वाक्यावर विलक्षण जीव जडला.

तरी सरकारी मोजणीवाला दुसऱ्यानं केलेल्या खुणांवर कसा विसंबेल? दांड्यावरचे अंश त्यांनी स्वतःच्या कोनमापकानं तपासले आणि खोडून नव्यानं लिहिले. यंत्र हलतं म्हणून ते पाटावर स्क्रूनं आवळलं. सळईचं भोक सैल वाटलं, तर त्यात जुन्या पेनाच्या नळीचा तुकडा बसवला. दगड धारेला नेमका लागतो की वरच्या वर घसरतो हे कळावं म्हणून धारेला काजळ लावायची युक्ती काढली. जिथलं काजळ पुसलं, तिथं दगड पोचला. काजळ अर्थात आमच्या घरून जायचं.

"काका, सुरीला तीट लावताय का?" माझ्या बायकोनं विचारलं.

"लावतोय. नजर लागावी अशीच व्हणारे ती."

झालीच तशी. आमची सुरी घासून आली आणि टोमॅटोवर नुसती टेकवली तर टोमॅटो दोन झाला. बायको ती सुरी कपड्यात गुंडाळून ठेवू लागली. मी मुळातच भित्रा. मी तर स्वयंपाकघरात जायचंच कमी केलं. त्याचा दोष बायको अजून काकांना देते.

मग आमच्या आळीतल्या व्यायामशाळेचं उद्घाटन झालं. पाहुणे रीतीप्रमाणे उशिरा आले आणि उशीर भरून काढावा तसे लांबलचक बोलले. फितीसाठीची कात्री काकांनी धार लावून दिलेली, म्हणून तबक धरायचा मान त्यांना मिळाला.

"तबक टेबलावरच राहू द्या की," काका दोनदा म्हणाले. पण आपल्याकडे मान नाकारायची सोय नाही.

भाषण चालू असताना मला आवाज ऐकू आला. तबकात कात्री वाजत होती. बारीक, न थांबणारी टिकटिक. पाहुण्यांनीही ऐकली. काकांच्या खांद्यावर हात ठेवून ते माईकमधून म्हणाले, "घाबरू नका काका, मी तुमच्यातलाच आहे!" टाळ्या पडल्या.

मी काकांच्या शेजारी होतो. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. पाहुण्यांना भिणाऱ्यांतला हा माणूस नव्हे. ते त्या आवाजाला भ्याले होते.

परतताना ते म्हणाले, "ऐकलं न्हवं तुमी?"

"काय?"

"सर, शाळेत मराठी शिकवता, जरा खोटं बोलायलाबी शिका."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवलं. गोळ्या हायत. लेकीला तेवढं दाखवलं न्हाई." मग थांबून म्हणाले, "तिला कळलं तर ती मला उचलून नेईल. वर कुठंतरी मजल्यावर. तिथं खिडकीतनं कुणाचा बांध दिसतो? तिला बोलू नका."

तेव्हा कुठे मला 'खाली ठेवा' कळलं, आणि यंत्रातल्या सगळ्या सुधारणाही. प्रत्येक सुधारणेनं हाताचं एकेक काम काढून घेतलं होतं. पुढच्याच आठवड्यात आणखी एक झाली: जुन्या दप्तराचा बकलवाला पट्टा. बोटांतून सळई निसटू लागली, म्हणून त्यांनी मनगटच सळईला बांधायला सुरुवात केली.

आमची आणि त्यांची भिंत एकच. पलीकडून दगडाचा आवाज यायचा, सर्र… सर्र… तो चालू असला की मी निवांत. थांबला की माझा घास तोंडात राहायचा. मग चिमट्याचा स्क्रू करकरायचा, म्हणजे काका पातं उलटं करताहेत, आणि मी घास गिळायचो. लेकीला फोन करावा, असं रोज वाटायचं. मग मजल्यावरची ती खिडकी आठवायची.

बाजाराच्या दिवशी हिर्डोशी गावच्या एक बाई राबासाठी फांद्या तोडायचा कोयता घेऊन आल्या.

"खाली ठेवा."

"घ्या की हातात! कोयता हाय, इंगळी न्हाई."

"भांडण व्हतं."

"तुमच्या मोजणीनं आमचं भांडण कवाच झालंय, आता काय नवं व्हनार?" बाई हसल्या, कोयता पाटावर टाकला आणि बाजाराला गेल्या.

दगडाचा आवाज सुरू झाला. मग थांबला. मी स्क्रूची वाट पाहिली. स्क्रू वाजला नाही. पलीकडे काकांचा मोबाईल वाजू लागला, आणि वाजतच राहिला.

मी धावलो. दार नुसतं लोटलेलं होतं. चिमटा भाजीच्या सुरीसाठी केलेला. कोयत्याच्या वजनानं तो सैल पडून कोयता आडवा फिरला होता. धार मनगटाकडे आणि मनगट पट्ट्यानं सळईला बांधलेलं. मध्ये बोटभर जागा, त्या जागेत काकांचा हात थरथरत होता. डाव्या हातानं ते बकल सोडवू पाहत होते. तोही हात आता थरथरत होता.

"हाक का नाही मारलीत?"

"वरडलो तर हलतो," ते ओठांतल्या ओठांत म्हणाले.

मी कोयता पाठीकडून धरून बाजूला दाबला. दुसऱ्या हातानं बकल चाचपू लागलो, तर ते मलाही सापडेना. त्या खोलीत न थरथरणारी वस्तू एकच होती, कोयता. अखेर पट्टा सुटला. मनगटावर ओरखडासुद्धा नव्हता. काका ते मनगट उराशी धरून बसून राहिले.

मोबाईल पुन्हा वाजला. लेकीचा व्हिडिओ कॉल.

"मी सांगतो, तुम्ही बाहेर गेलाय म्हणून."

"न्हाई. उचला. आन् पाटावर उभा करून ठेवा."

मी मोबाईल यंत्राला टेकवून ठेवला. काकांनी दोन्ही हात त्याच्यासमोर धरले.

"बाबा? नीट दिसत नाहीये. मोबाईल का हलतोय?"

"मोबाईल न्हाई हलत, पोरी," काका म्हणाले.

बाई बाजार करून आल्या तेव्हा कोयत्याला एकाच अंगानं धार लागलेली. त्यांनी कोयता बघितला, काकांचं तोंड बघितलं. "ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या. "दुसऱ्या अंगाला आमचा दगड हाय." आणि पाटावरून स्वतःच कोयता उचलून गेल्या.

लेक न्यायला आली. टेम्पोत सामान चढलं. यंत्र काकांनी पाटासकट बांधून मला दिलं. मी ते अजून उघडलेलं नाही. गाडीत बसायच्या आधी ते आमच्या दारात आले. हातात आमचीच सुरी होती, घासायला दिलेली. पात्याच्या पाठीला धरून त्यांनी मूठ माझ्यासमोर केली. सुरी हवेत हलत होती आणि धार त्यांच्या बोटांच्या अगदी जवळ होती.

"काका," मी घाबरून म्हणालो, "खाली ठेवा."

"न्हाई. हातात घ्या."

"भांडण होतं ना?"

"व्हऊ द्या की," काका म्हणाले. "भांडायला तरी याल पुण्याला."

मी हात पुढे केला. मूठ माझ्या हातात आली, तरी सुरी हलतच होती. त्यांनी ती अजून सोडली नव्हती.