एल्डनने निवडलेली तीन काडतुसं

आमच्या क्लेअर्स फोर्क गावात बंदुका दुरुस्त करणाऱ्या एल्डन प्रूइटकडे काडतुसं मागायला जाणं म्हणजे चौकशीला सामोरं जाणं. बंदूक नवी असली तर तो मुकाट्याने डबा पुढे सरकवायचा. पण आजोबा-पणजोबांचं रिव्हॉल्व्हर म्हटलं की हात पुढे करायचा. "आधी दाखव." मग भिंग, दिवा, मोजपट्ट्या. लोक वैतागायचे.

"अरे, नळीवर आकडा कोरलाय, डब्यावर तोच आकडा आहे. अजून काय पाहिजे तुला?"

"आकडा जुळला म्हणजे काडतूस आत बसेल. पुढचं आकडा सांगत नाही."

मी तीस वर्षं इथलं पोस्ट सांभाळलं. एल्डनचं दुकान समोरच होतं, म्हणून त्याचा हा हट्ट कुठून आला ते मला ठाऊक होतं. गावातल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक होतं, पण त्याच्यासमोर कुणी तो विषय काढत नसे.

एल्डन बावीस वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. दुकान वडिलांचं होतं. थोरला भाऊ ड्वेन आजोबांचं रिव्हॉल्व्हर घेऊन आला, म्हणाला, पत्र्याच्या रिकाम्या डब्यांवर नेम धरून बघू. एल्डनने फळीवरून काडतुसांचा नवाकोरा डबा काढला. काडतूस अलगद बसलं. पहिला बार ठीक गेला. दुसऱ्याला गोळ्यांचं चक्र फुटलं आणि लोखंडाचा तुकडा ड्वेनच्या उजव्या डोळ्यात गेला. त्या जुन्या लोखंडाला काळ्या दारूची सवय होती. नव्या बिनधुराच्या दारूचा दाब त्याला पेलवला नाही.

ड्वेनने भावाला कधी बोल लावला नाही. लग्न केलं, मेंढरं पाळली, एका डोळ्याने चाळीस वर्षं सगळं बघितलं. एल्डन मात्र त्यानंतर त्याच्या घरी जेवायला बसला तरी ड्वेनच्या डाव्या बाजूलाच बसायचा. भावाच्या मिटलेल्या डोळ्याकडे त्याला बघवत नसे.

ड्वेन ऑक्टोबरात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको विल्मा कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन दुकानात आली. मी तिला सोबत म्हणून गेले होते.

"हे माझ्या वडिलांचं," ती म्हणाली. "ड्वेनची इच्छा होती, त्याला मातीत ठेवताना सलामी म्हणून याचे तीन बार व्हावेत."

एल्डनने कापड उघडलं. रिव्हॉल्व्हर शंभर वर्षांपूर्वीचं होतं. त्याने ते पुन्हा झाकलं.

"नाही, विल्मा. दुसरं काहीही सांग."

"तो म्हणाला होता, एल्डन नाही म्हणेल. तरी त्यालाच दे. काडतुसं त्यानेच निवडायची."

"असं म्हणाला?"

"असंच. आणि म्हणाला, त्याच्याइतकं जपून भरणारा माणूस या मुलखात नाही."

एल्डन स्टुलावर बसला. मग त्याने दिवा ओढून घेतला.

दोन दिवस त्याने दुसरं काम हातात घेतलं नाही. चक्र सुटं करून तेलात भिजवलं, पुसलं, भेगेसाठी भिंगाखाली इंच इंच तपासलं. चक्रातल्या काडतुसाच्या प्रत्येक घरात वितळलेलं गंधक ओतून त्याचा साचा काढला आणि मापं घेतली. नळीतून मऊ शिशाची गोळी ठोकून नेली, तिचीही मापं घेतली. घोडा ओढला की चक्र नेमकं नळीसमोर थांबतं का, हे तर शंभरदा बघितलं असेल. फळीवरच्या डब्यांना त्याने हात लावला नाही. काडतुसं स्वतः भरली. काळी दारू, तीही नेहमीपेक्षा थोडी कमी, आणि दारूवर मोकळी जागा राहू नये म्हणून मध्ये जाड पुठ्ठ्याची चकती. वर मऊ शिसं.

मग रिव्हॉल्व्हर ट्रकच्या जुन्या टायरला बांधलं, घोड्याला लांब दोरी लावली आणि भिंतीआडून खेचली. प्रत्येक घरातून एक, असे सहा बार. नंतर पुन्हा सगळी मापं.

"केसभरही फरक नाही," तो मला म्हणाला. त्याचा शर्ट घामाने चिंब झाला होता. बाहेर दवबिंदू गोठले होते.

दफनाच्या दिवशी पाद्रीबुवांची प्रार्थना म्हणून झाली तशी विल्माने मान हलवली. एल्डनने सगळ्यांना वीस पावलं मागे घेतलं. डोळ्यांवर चष्मा चढवला आणि समोरच्या मातीच्या चढावर तीन बार काढले. पांढरा दाट धूर उठला, वाऱ्यावर खड्ड्यावरून सरकत गेला. तिसऱ्या बारानंतर त्याने चक्र रिकामं केलं, रिव्हॉल्व्हर विल्माच्या हाती दिलं, आणि तिथेच गवतावर गुडघे टेकून रडला. त्याला रडताना आम्ही पहिल्यांदाच बघत होतो.

विल्मा त्याच्या शेजारी बसली. "तुला माहीत होतं ना, की तो रागावला नव्हता?"

"माहीत होतं," एल्डन म्हणाला. "म्हणूनच जड जायचं."

त्या दुपारी मटणाचा रस्सा वाढताना त्याने चाळीस वर्षांपूर्वीची ती हकीकत स्वतःच्या तोंडाने सगळ्यांना सांगितली. कोणता डबा उचलला, कुठे उभा होता, सगळं. नव्याने बंदूक हातात धरणारी पोरंही ऐकत होती.

पुढे तो सात वर्षं जगला. दुकानात येणाऱ्या प्रत्येक जुन्या हत्याराला सुतळीने एक जाड कागद बांधून द्यायचा. त्यावर त्याच्या वळणदार अक्षरात दारू कोणती, किती, गोळी कसली, ते असायचं. काहींवर एवढंच लिहिलेलं: 'चक्राला भेग आहे. यात कुठलंच काडतूस घालू नका. भिंतीवर टांगा.' आमच्या भागात अजून कितीतरी घरांत ते कागद तसेच बांधलेले आहेत, आणि कुणी ते सोडत नाही.