माझी सात किलोची बॅग

ट्रेक नेणाऱ्या बाईंनी फोनवर बजावून सांगितलं होतं: सात किलोच्या वर सामान नाही, आणि ज्याची बॅग त्याच्याच पाठीवर. ज्याला पेलणार नाही त्याने पायथ्याशी थांबायचं, बाकीचे पुढे जाणार. मी म्हटलं, ठीक. साठी आलीय, डावा खांदा दुखरा आहे, पण हिमालयातली ती दरीभर उमलणारी फुलं मी बघणार म्हणजे बघणारच. मुलगी सासरी, नवरा देवाघरी, मिरजोळ्याच्या आंबा कॅनिंगच्या कारखान्यातून निवृत्तही झाले. आता मला अडवणारं कोण?

बाजारात गेले तर दुकानदार चाकांची सुटकेस दाखवायला लागला. "काकू, नुसती ओढत न्यायची." म्हटलं, "डोंगरावर ओढून दाखव, लगेच घेते." मग त्याने गळ्यात घालायची उशी काढली, पोटाला बांधायचं पाकीट काढलं. मी घेतलं काय? एक नंबर मोठे बूट, रेनकोट, लोकरीची टोपी, जाड मोजे. बस्स. घरच्या दोन पंजाबी ड्रेसांची घडी घातली, टॉर्च नि खांद्याचं मलम टाकलं. साडी एकही नाही. नाक्यावरच्या वाण्याच्या काट्यावर बॅग ठेवली, तर सहा किलो नऊशे. वाणी म्हणतो, "शंभर ग्रॅम चिवडा बसतोय, वहिनी." म्हटलं, दे.

दोन महिने रोज सकाळी ती बॅग पाठीला लावून घरामागचा सडा, म्हणजे कातळाचा माळ, चढत होते. कातळावर गुरं चारणारे हसायचे. हसा म्हटलं, दात दिसतात तुमचे.

पण हिमालयाची वाट मुंबईवरून जाते, तिथेच घोडं पेंड खातं. कोणी मुंबईला निघालंय एवढं कळायचा अवकाश, वाडीतली माणसं चाकरमान्यांसाठी पिशव्या घेऊन हजर. आमसुलं, सोडे, फणसपोळी. जाणारा माणूस म्हणजे फुकटची बैलगाडी. निघायच्या दोन दिवस आधी माझी थोरली जाऊ आली. शेजारचंच घर. डोक्यावर पिशवी.

"कुळथाचं पीठ आहे नि थोडे उकडे तांदूळ. ठाण्याला पोरगा येईल घ्यायला."

"नाही नेणार."

"अगो, पाच किलोसुद्धा नाही."

"वहिनी, तीस वर्षं नेलं. खांदा दाखवायला मुंबईच्या डॉक्टरकडे गेले, तेव्हाही तुझे तांदूळ ह्याच खांद्यावर होते! डॉक्टर म्हणाले, वजन उचलू नका, नि तुझी पिशवी तिथे माझ्या पायाशी. ठाण्यापर्यंत का होईना, तो खांदा परत कशाला मोडून घेऊ?"

"मोठी मडमीण झालीस गो."

"झाले. उशीरच झाला."

मला वाटलं, आता तणतणत जाईल. तर ती पायरीवरच बसली. "पीठ तिकडे मिळतं, ते काय मला कळत नाही? पण पीठ असलं की तो स्टेशनावर येतो. तुला भेटतो. मग तू येऊन सांगतेस, बारीक झालाय, दाढी ठेवलीय. दोन वर्षं गणपतीला आला नाही. तू पीठ नेलं नाहीस तर तो कसा आहे ते मला सांगणार कोण?"

खरं सांगते, पिशवीकडे हात गेलाच होता. मग असा संताप आला! त्या पोराचा आला, नि आम्हा दोघींचाही. आईला मुलाची खबर हवी, तर तिने पीठ दळायचं नि मी हमाली करायची, हा कुठला न्याय?

"मग तू जा," मी म्हटलं.

"मी? एकटी? नि रिकाम्या हाताने?"

"हो, रिकाम्या हाताने. आई आहेस ना त्याची? पाय काय मोडलेत तुझे?"

तिने पिशवी उचलली नि तरातरा निघून गेली. दोन दिवस कुंपणापलीकडून शब्द नाही. वाडीत बोलणं सुरू झालं, पेन्शनीचा माज चढलाय हिला. चढू दे. माझी झोप त्याने काही उडाली नाही. जावेच्या अबोल्याने मात्र उडाली, हे कबूल करते.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनावर माझी बॅग पाठीला लावून उभी होते, तर समोरून जाऊ येतेय. ठेवणीतलं लुगडं, केसांत अबोली, हातात एवढीशी पर्स. मी आधी तिच्या मागे बघितलं, पिशवी कोणाकडे दिलीय म्हणून.

"पीठ कुठाय?"

"घरी ठेवलं. जनरलचं तिकीट काढलंय."

"नि पोराला काय सांगितलंस?"

"सांगितलं, काकी पीठ घेऊन येतेय, ठाण्याला ये."

हसू का रडू ते मला कळेना. गाडी लागली. तिला जनरलच्या डब्यापर्यंत सोडायला गेले नि सवयीने तिचा दंड धरला, तर तिने माझा हात झटकून टाकला.

"सोड गो. माझी मी चढते."