यादीतला अकरावा फोन

मेटगळ्ळीतल्या एका छोट्या कारखान्यातली ती घटना निवृत्तीनंतरही माझी पाठ सोडत नाही. मी तेव्हा म्हैसूरच्या सायबर ठाण्यात इन्स्पेक्टर होतो.

कारखान्याच्या मालकाची तक्रार होती की, सुट्या भागांची ड्रॉइंग्ज प्रतिस्पर्ध्याकडे पोचताहेत. "आमच्या वायफायवर कुणीतरी परकं आहे," तो म्हणाला.

आमच्या तंत्रज्ञानं राउटरमधली यादी काढली. अकरा उपकरणं होती. संगणक, प्रिंटर, कर्मचाऱ्यांचे मोबाइल, सगळं एकेक करून बंद केलं आणि यादीतून काय गळतं ते पाहिलं. दहांचा पत्ता लागला. अकरावं दुपारी एकच्या सुमारासच जोडलं जायचं. उपकरणाच्या क्रमांकावरून एवढं कळलं की, तो मोबाइल आहे.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे फोन टेबलावर काढून ठेवायला लावले. एक वाजला आणि अकरावं यादीत उगवलं. जागेवर नव्हता तो फक्त स्टोअरचा कारकून. साठीला आलेला माणूस. रॅकमागे, समोर उघडा डबा आणि हातात दुसरा फोन.

त्याला ठाण्यात आणलं. आडनावावरून घर मराठी असणार हे ओळखलं, तेव्हा कॉन्स्टेबलला बाहेर पाठवून मी आमच्या घरच्या बोलीत विचारलं.

"काका, फोन कुणाचा?"

"मुलीचा, सर."

"बोलवा तिला."

"अपघातात गेली. दोन वर्षं झाली."

त्यानं फोनवरचा एक आवाज ऐकवला. थकलेल्या बाईचा, कानडी मिसळलेल्या मराठीत. "ऊट झालं काय गं? वेळेवर जेवत जा." खाली त्यानं टाइप केलेलं उत्तर होतं : जेवले, आई.

"बायकोला कितीदा सांगितलं, सर. मनावरच घेत नाही. मुलगी बेंगळुरात नोकरीला आहे म्हणते. उत्तर आलं की मगच ताटावर बसते. सिम बंद पडलं, म्हणून ऑफिसचं वायफाय."

माझा विश्वास बसला. तरीही पंचनामा केला, फोन सील करून प्रयोगशाळेत पाठवला. नियमात तेच बसत होतं.

"उद्या दुपारी तिला काय सांगू, सर?" त्यानं विचारलं. मी सहीसाठी कागद पुढे सरकवला.

पुढे कळलं की, ड्रॉइंग्ज मालकाचा भागीदारच स्वतःच्या संगणकावरून पाठवत होता. फोन सोडण्याचा कोर्टाचा आदेश यायला तीन आठवडे लागले. फोन घेऊन मी स्वतः लष्कर मोहल्ल्यातल्या त्याच्या घरी गेलो. बाई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"राहू द्या आता, सर," तो हळूच म्हणाला. "चार दिवस वाट पाहिली तिनं. पाचव्या दिवशी विचारलं, 'पोर गेली काय हो?' हो म्हटलं. तेव्हापासून बोलत नाही."

आधी भागीदारासकट सगळ्यांचे संगणक तपासायला मला एक दिवस लागला असता. त्यानंतर कुणाचीही वस्तू जप्त करताना मी विचारत आलो, उद्या हिच्यावाचून तुमचं काय अडेल? पंचनाम्यात त्याला रकाना नसतो. पण त्या घराची गल्ली मी आजवर टाळत आलो आहे.